विश्वाचा आकार घड्याळानं मोजतात

१९४०च्या दशकात खगोलशास्त्राची मोठी पंचाईत झाली होती. दूरच्या दीर्घिकांच्या (म्हणजे गॅलेक्सींच्या, ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांच्या) वेगावरून विश्वाचं वय काढलं की उत्तर यायचं सुमारे २०० कोटी वर्षं. त्याच सुमारास भूशास्त्रज्ञ खडकांमधल्या युरेनियम आणि शिशाच्या मोजमापांवरून पृथ्वीचं वय काढत होते आणि ते ३०० कोटींच्या घरात जात होतं. म्हणजे पृथ्वी विश्वापेक्षा जुनी! दोनपैकी एक घड्याळ चुकत होतं हे उघड होतं. कुठलं, ते कळायला पुढची काही वर्षं जावी लागली.

विश्वाविषयी बोलताना आपण अंतरांनी दिपून जातो. इतके कोटी प्रकाशवर्षं, तितके अब्ज तारे. पण विश्वाची सुरुवात कशी झाली आणि त्याचा आकार कसा आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नीट पाहिली तर ती वेळेच्या मोजमापातून आलेली दिसतात. कशाला किती वेळ लागला, कशाला किती वेळ मिळाला, कुठे वेळ पुरला नाही. आकाराचा प्रश्न भूमितीचा वाटतो, पण त्यालाही लागणारी पट्टी घड्याळातूनच तयार झाली आहे. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ते २०० कोटी कुठून आले ते पाहू. हिशेब शाळेतल्या गणिताचाच आहे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितक्या जास्त वेगानं ती आपल्यापासून लांब जाते. त्यांच्या आकड्यांनुसार ३२.६ लाख प्रकाशवर्षांवरची (खगोलशास्त्रज्ञ याला एक मेगापार्सेक म्हणतात) दीर्घिका सेकंदाला साधारण ५०० किलोमीटर वेगानं लांब जात होती. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे तिच्या ६०० पट. जे अंतर कापायला प्रकाशाला ३२.६ लाख वर्षं लागतात, ते कापायला या दीर्घिकेला ६०० पट वेळ लागला असणार. गुणाकार करून पाहा: जवळपास १९६ कोटी वर्षं. दुप्पट अंतरावरच्या दीर्घिकेचा वेगही दुप्पट, त्यामुळे तिचंही उत्तर तेच. कुठलीही दीर्घिका घ्या, हिशेब त्याच एका काळाकडे बोट दाखवतो.

चूक अंतरांत होती. अंतर मोजण्यासाठी सेफीड जातीचे, ठरावीक लयीत तेज बदलणारे तारे वापरले जात. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केलं की हे तारे दोन प्रकारचे आहेत आणि आतापर्यंत दोन्ही एकच समजले गेले होते. एका फटक्यात दीर्घिकांची अंतरं दुप्पट झाली, आणि विश्वाचं वयही. पुढे आणखी दुरुस्त्या होत गेल्या. आज ५०० च्या जागी ७० च्या आसपासचा आकडा आहे. वरचाच हिशेब पुन्हा करा: ३ लाख भागिले ७० म्हणजे सुमारे ४३००, आणि ३२.६ लाखांना ४३००नं गुणलं की १४०० कोटी. सगळे बारकावे धरून केलेलं मापन १३८० कोटी वर्षांचं आहे. शाळकरी गुणाकार इतका जवळ जातो, कारण विश्वाच्या प्रसरणाचा वेग आधी कमी होत गेला आणि नंतर वाढत गेला, आणि या दोन्हींची जवळजवळ फिट्टंफाट झाली.

पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्केतल्या शिशावरून ४५५ कोटी वर्षं असं पक्कं केलं. पुराणांतला ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, तो या आकड्याच्या जवळ येतो म्हणून आपल्याकडे बरेच जण हरखून जातात. एवढा अफाट काळ कल्पनेत धरण्याची झेप मला मनापासून भावते. पण तो आकडा युगांच्या गणनेतून आलेला आहे, खडक मोजून आलेला नाही. दोन्हींची सांगड घालायला गेलं की दोन्हींवर अन्याय होतो.

आता एक शंका. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला दिसतो, म्हणून त्या लांब जात आहेत असं आपण म्हणतो. पण लांबच्या प्रवासात प्रकाशच दमत असेल तर? ही शंका फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्येच काढली होती, आणि तिचा निकाल लागला तोही वेळ मोजूनच. १ए प्रकारचा सुपरनोव्हा म्हणजे स्फोट होऊन काही आठवडे तळपणारा आणि मग विझत जाणारा तारा. या प्रकारचे स्फोट कुठेही झाले तरी त्यांचं उजळणं आणि मंदावणं साधारण सारख्या वेळात उरकतं. प्रकाश नुसता दमत असेल तर दूरचा स्फोट अधिक तांबडा दिसेल, पण विझायला तेवढाच वेळ घेईल. अवकाश खरंच ताणलं जात असेल, तर मात्र पहिल्या दिवशी निघालेला प्रकाश आणि विसाव्या दिवशी निघालेला प्रकाश यांच्यातलं अंतरही वाटेत ताणलं जाईल. ज्याच्या प्रकाशलहरींची लांबी दुप्पट झाली आहे, त्या स्फोटाचे वीस दिवस आपल्याला चाळीस दिवस दिसतील. १९९०च्या दशकात नेमकं तेच दिसलं, आणि पुढे दीड हजारांच्या आसपास सुपरनोव्हांवर ते ताडून पाहिलं गेलं. दूरचं विश्व आपल्याला संथ गतीनं घडताना दिसतं. प्रसरणाचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

प्रसरण मान्य, पण सुरुवात? ती मानायलाच हवी असं काही नव्हतं. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य हळूहळू तयार होत राहतं, त्यामुळे विश्व सदासर्वदा सारखंच दिसतं. त्याला वयच नाही. वयाच्या घोळातून सुटण्याचा हा देखणा मार्ग होता. हॉइल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी आणि पुढचे सहकारी म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी याच विचाराची सुधारित मांडणी केली. पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे नारळीकर २०२५ मध्ये गेले, ते महास्फोटाबद्दलचे (बिग बँग, म्हणजे विश्वाला एक अतितप्त सुरुवात होती या सिद्धांताबद्दलचे) आपले आक्षेप शेवटपर्यंत सांभाळून. पुरावे त्यांच्या बाजूचे नव्हते असं माझं मत आहे. पण ‘सुरुवात होती हे तुम्हाला कशावरून कळलं?’ हा त्यांचा प्रश्न कोणत्याही विद्यार्थ्यानं स्वतःला एकदा तरी विचारावाच.

पुराव्याचं पारडं फिरलं ते १९६४-६५ मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर येत होती. आत राहणारी कबुतरं हलवली, त्यांची घाण साफ केली, तरी खरखर तीच. ते होतं विश्वाच्या बालपणीच्या उष्णतेचं उरलेलं प्रारण, म्हणजे रेडिएशन. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते जवळपास ३००० केल्विनपर्यंत (केल्विनची मोजणी उणे २७३ अंश सेल्सिअसपासून सुरू होते) निवलं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडून अणू झाले आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. तोच प्रकाश अवकाशाबरोबर ताणला जात आता २.७२५ केल्विन इतका थंड झाला आहे.

हे तापमान फार कामाचं आहे. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद सांगतो की सगळ्यांसाठी एकच ‘आत्ता’ असं काही नसतं, वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं. मग १३८० कोटी वर्षं ही कुणाच्या घड्याळानं? विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखं असल्यामुळे यातून सुटका होते. अवकाशाच्या प्रसरणाबरोबर वाहणारा, स्वतःहून कुठेही न धावणारा निरीक्षक घ्या. तो कुठल्याही दीर्घिकेत असो, आसपासच्या प्रारणाचं तापमान २.७२५ केल्विन मोजत असेल, तर त्याच्या लेखीही विश्वाचं वय १३८० कोटी वर्षंच आहे. तापमान हेच सामाईक घड्याळ. आपण स्वतः या प्रारणाच्या संदर्भात अगदी स्थिर नाही. आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगानं सिंह राशीच्या बाजूला चालली आहे, म्हणून त्या बाजूचं आकाश केल्विनच्या तीन-साडेतीन हजारांश भागानं गरम दिसतं. एवढ्या वेगानं सुरुवातीपासून धावत असलेलं घड्याळ आजपर्यंत किती मागे पडलं असतं? साधारण १० हजार वर्षं. १३८० कोटींपुढे ते काहीच नाही.

प्रारण आपल्याला पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांच्या टोकाशी नेतं. त्याही आधीचं घड्याळ आहे, आणि ते चालतं न्यूट्रॉनवर. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारा हिशेब हाच.

विश्व एक सेकंदाचं होतं तेव्हा तापमान सुमारे १००० कोटी केल्विन होतं. तोवर प्रोटॉनचे न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचे प्रोटॉन सतत होत होते. पुढे ही अदलाबदल थांबली आणि दर सहा प्रोटॉनमागे एक न्यूट्रॉन उरला. सुटा न्यूट्रॉन टिकाऊ नसतो. दहा मिनिटांहून थोड्या जास्त वेळात निम्मे न्यूट्रॉन विघटित होऊन प्रोटॉन होतात. त्यांना वाचायचं तर अणुकेंद्रात शिरायला हवं. पण सुरुवातीला इतकी आग होती की जोडी जमताच फुटायची. तापमान १०० कोटी केल्विनच्या खाली यायला काही मिनिटं गेली, तेवढ्यात थोडे न्यूट्रॉन गळाले आणि प्रमाण सातास एक झालं. आता १४ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन घ्या. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांसह हेलियमचं एक केंद्र बनवतात, त्याचं वजन ४. उरलेले १२ प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन. एकूण वजन १६, त्यात हेलियम ४. म्हणजे पंचवीस टक्के.

जुन्यात जुन्या, ताऱ्यांनी फारशा न बदललेल्या वायूत हेलियमचं प्रमाण वजनानं २५ टक्क्यांच्या जवळपास सापडतं. विश्व निवायला काही मिनिटांऐवजी एक तास लागला असता, तर बहुतेक न्यूट्रॉन मधल्या मध्ये संपले असते आणि हेलियम नावापुरता उरला असता. फुग्यात भरतात त्या वायूच्या वैश्विक प्रमाणात पहिल्या काही मिनिटांची नोंद राहिली आहे.

आता आकाराकडे येऊ. विश्वाचा आकार म्हणजे बाहेरून ते कसं दिसतं, हा प्रश्नच नाही. बाहेर उभं राहायला जागा नाही. आकार म्हणजे आतली भूमिती. अवकाशात प्रचंड त्रिकोण काढला तर त्याच्या कोनांची बेरीज १८० अंश भरते का? बरोबर १८० भरली तर अवकाश सपाट. जास्त भरली तर गोलाच्या पृष्ठभागासारखं वळलेलं, कमी भरली तर घोड्याच्या खोगिरासारखं. पण एवढा त्रिकोण काढायचा तर त्याची एक बाजू तरी किती लांब आहे हे आधी ठाऊक हवं. अब्जावधी प्रकाशवर्षांवर पट्टी घेऊन कोण जाणार?

पट्टी विश्वानंच तयार करून ठेवली होती. पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांत विश्व म्हणजे प्रकाश आणि भारित कणांचं दाट, तापलेलं मिश्रण होतं. जिथे घनता किंचित जास्त होती तिथून दाबाच्या लाटा, म्हणजे चक्क ध्वनिलहरी, बाहेर पसरल्या, प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगानं. विहिरीच्या संथ पाण्यात एकाच वेळी मूठभर खडे टाकले आणि ठरावीक सेकंदांनी फोटो काढला, तर प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या सारखीच भरेल: लाटेचा वेग गुणिले गेलेला वेळ. विश्वाचा तो फोटो निघाला अणू तयार झाले त्या घडीला. दाब देणारा प्रकाश निसटून गेला आणि लाटा होत्या तिथेच थबकल्या. वेग माहीत, वेळ माहीत. वाटेत अवकाशही ताणलं जात होतं, तेवढी भर धरून त्रिज्या येते सुमारे ४ लाख ४० हजार प्रकाशवर्षं. ही आपली पट्टी.

ही वर्तुळं आपल्यापासून किती दूर होती तेही प्रसरणाच्या इतिहासावरून काढता येतं: प्रकाश निघाला तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. (तीच जागा आज ताणली जाऊन जवळपास ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर गेली आहे. १३८० कोटी वर्षांच्या विश्वात एवढं अंतर कसं, याचं उत्तर हेच: प्रकाश चालत असताना मागची वाट लांबत गेली.) आता पट्टीची लांबी कळली, तिचं अंतर कळलं, उरला कोन. अवकाश सपाट असेल तर ती त्रिज्या आकाशात ०.६ अंशाची दिसायला हवी, चंद्राच्या पूर्ण बिंबाहून थोडी मोठी. गोलासारखं वळलेलं असेल तर मोठी दिसेल, खोगिरासारखं असेल तर लहान.

१९९८च्या अखेरीस बूमरँग नावाची दुर्बीण फुग्याला टांगून अंटार्क्टिकावर सोडली. ती दक्षिण ध्रुवाभोवती घिरटी घालून आली. २००० साली निकाल जाहीर झाला: प्रारणातले डाग, म्हणजे त्या लाटांचे ठसे, सपाट अवकाशात दिसावेत तेवढेच दिसत होते. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी तोच कोन फार बारकाईनं मोजला. आज उत्तर ०.६ अंशावर इतकं घट्ट बसलं आहे की वक्रता असलीच तर अर्ध्या टक्क्याहून कमी. २००५ मध्ये याच वर्तुळांचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही सापडला, आता सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत ताणलेला.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. अवकाश सपाट निघालं म्हणजे आइन्स्टाइनची वक्रता गायब झाली असं नव्हे. सपाट आहे ते एका क्षणाचं अवकाश, त्या सामाईक घड्याळात ‘आत्ता’ वाजले असताना काढलेला छेद. असे छेद एकापुढे एक लावले तर पुढचा प्रत्येक छेद आधीच्यापेक्षा ताणलेला असतो. अवकाश आणि काळ मिळून जे होतं ते वक्रच आहे, आणि ती वक्रता काळाच्या दिशेनं आहे. प्रसरण म्हणजे तीच. ‘विश्वाचा आकार काय’ या प्रश्नाला ‘केव्हाचा’ हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

सपाट म्हणजे अनंत, असंही नाही. सपाट अवकाश स्वतःवर परत जोडलेलं असू शकतं, म्हणजे एका दिशेनं जात राहिलं तर आपण मूळ जागी येऊ. तसं असेल तर प्रारणाच्या नकाशात दोन वेगळ्या दिशांना एकसारखी वर्तुळं दिसली पाहिजेत. शोधली, मिळाली नाहीत. पण आपल्याला दिसणाऱ्या भागाहून मोठ्या पल्ल्यावर विश्व जोडलेलं असेल तर ते दिसायला प्रकाशाला पुरेसा वेळच मिळालेला नाही. थांबूनही फार फायदा नाही. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरूनच कळलं की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्यामुळे आज सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही.

वेळ पुरला नाही याचं आणखी एक उदाहरण सुरुवातीच्याच पोटात आहे. आपल्या धावण्यामुळे पडणारा फरक वजा केला, तर आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या प्रारणाचं तापमान एक लाखांश भागापर्यंत सारखं आहे. पण साध्या हिशेबानं पाहिलं तर त्या दोन जागांना आपसात उष्णता वाटून घ्यायला अवधीच नव्हता. न भेटता दोघी एकमतावर कशा आल्या? ॲलन गुथ यांनी १९८०च्या सुमारास सुचवलं की सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात अवकाश प्रचंड फुगलं, आणि आज दूर असलेल्या जागा त्याआधी शेजारी होत्या. या फुगवट्यानं वक्रताही ताणून सपाट केली. कल्पना जबरदस्त आहे आणि बऱ्याच गोष्टी तिनं जुळतात, पण ती सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही.

आणि महास्फोटाच्या आधी काय? कोलकात्यात काम करणारे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण मांडलं. गुरुत्वाकर्षणाखाली द्रव्याच्या वाटा एकत्र कशा येतात हे ते सांगतं. रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९६०च्या दशकात त्यावर बांधणी करत दाखवलं की सापेक्षतावाद खरा धरला, तर मागे जाताना एका ठिकाणी काळाची वाट संपते. पण तिथे घनता अनंत येते, आणि उत्तर अनंत आलं की समजावं, समीकरण आपल्या हद्दीबाहेर गेलं. तिथे पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लागते.

पुंजभौतिकीत नेऊन पाहिलं तर भलतीच अडचण येते: संपूर्ण विश्वासाठी लिहिलेल्या समीकरणात काळ नावाचं अक्षरच उरत नाही. बाहेर टांगलेलं घड्याळ नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह २००६ मध्ये यातून वाट काढली. विश्वातलाच एक पदार्थ, एकाच दिशेनं बदलत जाणारं एक साधं क्षेत्र (भौतिकीतलं ‘फील्ड’), त्यांनी घड्याळ म्हणून धरलं. त्या क्षेत्राचं मूल्य अमुक असताना विश्व केवढं होतं, एवढंच विचारायचं. मागे मागे नेल्यावर घनता अनंत झाली नाही. ती एका कमाल मर्यादेला टेकली आणि पलीकडे त्यांना आकुंचन पावणारं विश्व दिसलं. त्यांच्या गणितात महास्फोट म्हणजे एक उसळी आहे.

याला निरीक्षणाचा आधार अजून नाही. असलाच तर तो प्रारणाच्या सर्वांत मोठ्या, आकाशाचा मोठा भाग व्यापणाऱ्या आकृतिबंधांत सापडेल. आणि असे आकृतिबंध एका आकाशात मोजकेच मावतात, त्यामुळे यापुढे कितीही चांगला उपग्रह सोडला तरी त्यांची संख्या वाढणार नाही.